उरलेल्या लोकरीचा हिवाळा

सकाळी अंगणात पाय ठेवला आणि फरशीनं तळव्याला चावाच घेतला. आला गं बाई हिवाळा! दिग्रसचा हिवाळा सांगून येत नाही. काल दुपारी पंखा फिरत होता आणि आज आमच्या ह्यांनी मफलर शोधायला अख्खं कपाट उलथंपालथं केलं. गल्लीतून कापसाच्या गाड्या जिनिंग कारखान्याकडे चालल्यात. त्यांच्या मागे विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, वाळत घातलेल्या माझ्या परकरावरसुद्धा कापसाचे पुंजके चिकटलेत. एवढ्या कापसाच्या मुलखात राहून मी लोकरीच्या मागे वेडी कशी झाले, असं हे मला दर हिवाळ्यात एकदा विचारतात. मी उत्तर देत नाही. एवढी वर्षं संसार केला, सगळ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात एवढं कळतं.

तेवढ्यात नेरहून वैशूचा फोन. वैशू म्हणजे आमची एकुलती एक मुलगी.

"आई, तुह्या डब्यातली उरलेली लोकर पाठव ना जराशी."

"कायले वं?"

"तू आधी डबा काढ. मंग सांगते."

आणि ठेवला फोन! कुकरची शिट्टी झाली असणार. तर आता बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर आहे, पाठीला ऊन आहे, आणि झाकण काही केल्या निघत नाही. दरवर्षी निघत नाही. चमच्याच्या दांडीनं उचकटावं लागतं. मग एकदम 'टण्ण' होतं आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात जातो. माझ्यापुरता हिवाळा या वासानं सुरू होतो.

डब्यात काय आहे म्हणाल तर काहीच नाही. लिंबाएवढे, सुपारीएवढे लोकरीचे गुंडे. ह्यांच्या मफलरचा उरलेला मेहंदी रंग. वैशूच्या शाळेच्या स्वेटरचा निळा, तो स्वेटर मी कोपराला फाटल्यावर उसवला होता. कुणाच्या तरी शालीचा जांभळा, त्याला कुठूनतरी एक चंदेरी धागा चिकटलेला. मोठ्यांच्या काही कामाचं नाही यातलं. पंजासुद्धा झाकणार नाही. पण बाळाचा पाय केवढा असतो? माझी दोन बोटं जातील एवढा. त्या पायाला हा डबा म्हणजे अख्खं दुकान आहे.

नवी लोकर आणली की आधी डोक्यात चित्र असतं, मग हात चालतात. उरलेल्या लोकरीत उलटं. निळा घेऊन बसावं, टाचेपर्यंत जावं आणि निळा संपावा. मग टाच मेहंदी. मेहंदी अंगठ्यापाशी दगा देतो, मग नाक जांभळं. शेवटी जे होतं ते आपण ठरवलेलं नसतंच मुळी, आणि तरी ते इतकं गोड दिसतं की मी एकटीच हसत बसते. शिवाय बाळाचा मोजा संपतो हो! आयुष्यात बाईची किती कामं संपतात? भांडी संपत नाहीत, धुणं संपत नाही. मोजा मात्र वरण शिजेपर्यंत टाचेला येतो आणि भाकऱ्या व्हायच्या आत पुरा होतो. दोन बोटं आत घालून मी तो ओट्यावर चालवून बघते. आमचे हे एकदा दारातून बघत होते. म्हणाले, "कोणाच्या पायाचं माप घेऊन राह्यली? उंदराच्या?"

हे वेड मला एका हिवाळ्यानं लावलं. त्या हिवाळ्याबद्दल मी फारशी बोलत नाही. आज डबा उघडलाच आहे तर बोलते.

त्या वर्षी वैशू बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं बाळ तिनं सातव्या महिन्यात, पोटातच गमावलं होतं. आमच्याकडे पोरं जन्मायच्या आत काही आणत नाहीत. झबलं नाही, टोपरं नाही, पाळणा तर नाहीच नाही. बाळ आलं की आधी आजीच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळायचं, मग बाजार. पण पहिल्या वेळी पोरीला हौस. नेरच्या बाजारातून तिनं सशाचं चित्र असलेला एक इवलासा फ्रॉक आणून ठेवला होता. पुढे जे झालं त्याचा त्या फ्रॉकशी काय संबंध? काही नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मीही समजावलं. पण तो फ्रॉक तिनं स्वतःच्या हातानं कुणाला तरी देऊन टाकला आणि त्या दिवसापासून दुकानातल्या लहान कपड्यांकडे पाठ करून चालायला लागली.

या खेपेला पिशवी खाली ठेवायच्या आधी मला म्हणाली, "आई, घरात काही नको. एक लंगोट बी नको. कोणी काही आणलं त मी उद्याच नेरले वापस जाईन."

बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पोट एवढं दिसत होतं, पण ती त्याच्यावर कधी हात ठेवायची नाही. गरोदर बाईचा हात आपोआप पोटावर जातो, तुम्ही बघा. हिचा हात खुर्चीवर, मांडीवर, टेबलावर, कुठेही असायचा, तिथे नसायचा. जावई दर रविवारी नेरच्या बसनं संत्री घेऊन यायचे, मुकाट्यानं सोलून द्यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत. घरात सगळे पायांचे आवाज न करता चालत होतो आम्ही. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. बाळ नीट येईल ना, हा एक घोर, आणि आलं तरी ही पोरगी त्याला हात लावायला धजेल ना, हा त्याहून मोठा.

शेजारी शमीम आपा राहते. तिच्या नवऱ्याचं ट्रॅक्टरदुरुस्तीचं गॅरेज आहे. मोजे विणायला मला तिनंच शिकवलं. सुयासुद्धा तिच्याच घरच्या. सायकलच्या तारा कानशीनं घासून, टोकं गुळगुळीत करून तिच्या मियाँनी बनवलेल्या. चार सुयांवर गोल विणायचं, हे बघून मी आधी घाबरले होते. आपा म्हणाली होती, "अवं भाभी, चार सुया दिसतात, पण काम एका वख्ताले दोनच करतात. बाकीच्या दोन बसून खातात. अपने घर के मर्दों जैसे."

त्या हिवाळ्यात एका दुपारी मी तिच्या ओट्यावर बसून रडले. हो, रडले, काय लपवायचं. म्हटलं, "आपा, माहे हात नुसते शिवशिवून राह्यले. नातवाचं काही करता येत नाई, काही बोलता येत नाई."

आपानं तुरीच्या शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. विचार करायचा असला की तिला हाताला काम लागतं. चार शेंगा सोलून म्हणाली, "नवं आणायचं नाई, बराबर? मग उरलेलं घे ना."

"म्हणजे?"

"उरलेली लोकर नवी थोडीच हाय? ते त आधीच कोणाचं तरी झालेलं हाय. त्याले कोणाची नजर लागत नाई."

"पण मोजे विणले म्हणजे बाळाचं केलंच ना वं?"

आपानं आणखी एक शेंग सोलली. "जोडी झाली त मोजे. एकटा हाय तोवर मोजा कायचा? चिंधी हाय ते! तू एक-एकच बनव. दुसरा, बच्चा आल्यावर."

बाप्पा! काय ती बाई! कोर्टात उभी राहिली असती तर भल्याभल्यांना गप्प केलं असतं. आमच्या घरचे देव वेगळे, त्यांच्या घरची दुआ वेगळी, पण न जन्मलेल्या बाळासाठी काही करून ठेवायचं नाही, ही भीती दोन्ही घरांत सारखीच. आणि त्या भीतीला बगल देऊन जायची वाट आम्ही दोघींनी तुरीच्या शेंगा खात खात काढली. देवालाही हसू आलं असेल.

मग काय! मी एकेक मोजा विणायला बसले. माझ्याकडची लोकर आठवड्यात संपत आली. आपानं आपल्या ओढणीच्या टोकात बांधून पोपटी गुंडा आणला. समोरच्या मास्तरीणबाईंनी कुंपणावरून नारिंगी फेकला. "फेकतच होते हो मी," त्या म्हणाल्या आणि लगेच आत गेल्या. बौद्धवाड्यातल्या सुलोचनाबाईंनी स्वेटरचं अर्धवट राहिलेलं पाठीचं पान आणून दिलं, पांढरंशुभ्र, म्हणाल्या, "उसवून टाक, माह्याच्यानं आता होत नाई." कुणीही विचारलं नाही कुणासाठी. अख्ख्या गल्लीला माहीत होतं आणि अख्खी गल्ली गप्प होती. आमच्या गल्लीत एरवी कुणाच्या घरी पाहुणा आला तर चहाच्या आधी बातमी पोचते, तिथे हे असं.

त्यात एक गुंडा पिवळा होता. तो माझाच. वैशू तान्ही असताना मी तिला पिवळं टोपरं विणलं होतं. ते उसवून, धुवून, खाली तांब्या बांधून वाळत घातलेली लोकर, सरळ झालेली, पण बोटांना तिची जुनी वळणं अजून कळायची. हळदीसारखा रंग. मोजकीच होती, एका मोज्यापुरती. तो मोजा मी सगळ्यात जीव लावून विणला.

आता हे सगळं वैशूपासून लपवायचं. घरात माझं फॉल-पिकोचं काम चालतं. पुढच्या खोलीत मशीन, आणि आजूबाजूला बायकांच्या साड्यांचे ढीग. वैशूची चाहूल लागली की मी विणकाम साडीच्या घडीत सरकवायची आणि मशीनचं चाक फिरवायला लागायची. दोऱ्याशिवाय! आणि व्हायचं तेच झालं. एक दिवस गल्लीच्या टोकाची नवी सून साडी हातात घेऊन परत आली. वैशू तिथेच बसलेली.

"काकू, माह्या साडीतून हे काय निघालं?"

तिच्या तळहातावर पिवळा मोजा. "ते... ते बाहुलीचं असंल कोणाच्या," मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज नेहमी चढतो, तसा चढला.

ती सून मोजा मशीनवर ठेवून गेली. वैशू त्या मोज्याकडे बघत राहिली. आता उठेल, पिशवी भरेल, नेरची बस विचारेल. ती उठली. म्हणाली, "आई, शेंगा उकडल्या का?" आणि आत गेली.

मी मोजा डब्यात टाकला आणि डबा पिठाच्या कोठीमागे ढकलला. चार दिवसांनी बघते तर पिवळा नाही. बाकीचे सगळे एकटे मोजे जागच्या जागी, पोपटी, पांढरा, नारिंगी, आणि पिवळा गायब. कोठी हलवली, गाद्या झटकल्या. मग आठवलं, आपाची मांजर दोन दिवस स्वयंपाकघरात घुटमळत होती. गेले तरातरा.

"आपा, तुह्या मांजरीनं माहा मोजा नेला."

"माह्या बिल्लीचं नाव कायले घेतं वं?" आपा भडकली. "तिले चार पाय हायेत. एका मोज्याचं ती काय करीन?"

"खेळाले नेला असंल."

"झाकणाचा डबा उघडून? चमचा घेऊन आलती का ती?"

दोन दिवस बोललो नाही आम्ही. तिसऱ्या दिवशी तिच्या घरून वाटीभर शेवया आल्या, मी वाटी रिकामी कशी देणार म्हणून तिळाचे लाडू दिले, मिटलं. मोज्याचं मात्र मनाला लागून राहिलं. तीच लोकर का जावी, तोच का हरवावा, असं वेड्यासारखं काहीबाही मनात यायचं. मी कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवसांतलं ऊन मला फार आठवतं. अंगणात खाट टाकून वैशू पडायची. उकडलेल्या शेंगांच्या मिठाचे दाणे तिच्या ओठांच्या कडेला. एकदा मी तिला लोकरीची लड हातांवर धरायला लावली. म्हटलं, माझ्या शालीची आहे. ती दोन्ही हात पुढे करून बसली आणि मी गुंडा करत राहिले. धागा तिच्या एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकत होता, ती हात डोलवत होती, लहानपणी डोलवायची तशीच. एकदम म्हणाली, "आई, एवढ्याशा लोकरीची शाल?" आणि हसली. किती महिन्यांनी हसली! माझ्या हातून गुंडा सुटला, थेट नालीपर्यंत गेला, आणि मी त्याच्यामागे धावताना ती आणखी हसली. गुंडा घेऊन परत आले तर लड तिच्या मांडीवर होती आणि एक हात कुडत्याच्या खिशात होता. थंडी आहे, असेल, मला वाटलं.

मग एका सकाळी कळा सुरू झाल्या. ह्यांनी जीप आणली. आपा चुलीवरचा तवा उतरवून, तशीच चपला घालून आमच्यासोबत बसली. दारव्ह्याच्या रस्त्यानं यवतमाळ येईपर्यंत वैशू नुसती मूठ आवळून बसली होती. दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. मी बाकावर. आपाच्या ओठांवर दुआ, माझ्या ओठांवर विठ्ठल, आणि हे बाहेर नळावर पुनःपुन्हा तोंड धुवत होते. मी हात जोडून एवढंच म्हणत होते, पोरीला रिकाम्या हातानं घरी पाठवू नको रे बाबा.

बाळ रडलं. दारापलीकडून आलं ते रडणं, चांगलं खणखणीत, भांडखोर. आपानं माझा दंड असा दाबला की पुढे आठ दिवस काळा-निळा होता.

नर्सबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी मजेत हायेत." मग त्यांनी एप्रनच्या खिशातून काहीतरी काढलं. "आणि हे धरा बाप्पा. शेवटपर्यंत मुठीत धरून होती. मी म्हटलं, बाई, सलाईन लावायचं हाय, मूठ उघड. ऐकेच ना! दुसऱ्या हाताले लावावं लागलं."

पिवळा मोजा. घामानं ओला, चोळामोळा, टाचेपाशी एक टाका निसटलेला.

म्हणजे त्या दिवशी ती शेंगांचं विचारून आत गेली, पण विसरली नव्हती. कोठीमागचा डबा तिनं शोधला, झाकण उचकटलं, आणि नेमका हाच उचलला. आणि त्यानंतर रोज, उन्हात, खाटेवर, कुडत्याच्या खिशात... आम्ही समजत होतो हिनं आशाच सोडली. आशा तर तिनं मुठीत धरली होती, फक्त कुणाला दाखवत नव्हती.

आपानं मोजा पाहिला, डोळे पुसले आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "देख! मेरी बिल्ली को चोर बनाया था ना तूने!" मग आम्ही दोघी त्या बाकावर एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसलो की शेजारच्या बाई विचारायला लागल्या, मुलगी झाली का मुलगा.

घरी आल्यावर मी सुया खाली ठेवल्याच नाहीत. पोपटीला जोडी, नारिंगीला जोडी. लोकर पुरेना, म्हणून एकाचं नाक निळं, एकाची टाच मेहंदी. एकही जोडी सारखी नव्हती. आमची चिऊ त्या हिवाळ्यात दोन पायांत दोन घरांचे रंग घालून वावरली. वैशू तिला मांडीवर घेऊन बसायची आणि तिचा हात आता बाळावरून हलायचाच नाही.

शेवटी पिवळा राहिला. त्याचा टाका मी उचलून नीट केला होता. म्हटलं, "वैशू, पिवळी लोकर संपली. याच्या जोडीले पांढरा करू का? छान दिसंल."

"त्याची जोडी नको करू, आई."

"काहून?"

"तो तिचा नाई." तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "तो माहा हाय."

तो ती नेरला घेऊन गेली. तिच्या कपाटात असतो, दागिन्यांच्या डबीत. चिऊ आता पहिलीत जाते, तिनं बाहुलीला घालायला मागितला तरी मिळाला नाही.

हे सगळं आठवत बसले आणि ऊन पाठीवरून मांडीवर आलं. फोन पुन्हा वाजला.

"काढला डबा?" वैशू म्हणाली.

"काढला. पण कायले पाहिजे, ते सांग."

"आमची सीमा हाय ना." सीमा म्हणजे तिची नणंद. "तिले दिवस गेले. मागच्या वर्षी तिचं बी माह्यासारखंच झालतं, तुले माहीत हाय. आता आमच्याकडे आली आराम कराले. काही बोलत नाई, कोणाले काही आणू देत नाई. पोटावर हात बी ठेवत नाई, आई. म्हटलं, आपण एक-एक विणू. तू बी, मी बी."

माझ्या हातातला मेहंदी गुंडा उन्हात तापला होता. दुपारच्या नेरच्या बसमध्ये ओळखीच्या बाईच्या हाती पिशवी देता येईल, मी मनात म्हटलं. आपाकडून पोपटी मागायला हवा.

"आणि पिवळा मी तिले देऊन टाकला, काल," वैशू म्हणाली. "म्हटलं, धर. काही विचारू नको, नुसता धर. धरून बसली हाय."

एवढा जपलेला, चिऊलासुद्धा न दिलेला. मी विचारलं, "मग तुह्यापाशी काय राह्यलं वं?"

फोनमध्ये मागून चिऊनं काहीतरी सांडल्याचा आवाज आला, आणि तिच्यावर ओरडता ओरडता वैशू हसली.

"मले आता मोजा कायले पाहिजे, आई? माह्या हातात अख्खी पोट्टी हाय."